'क्षारीय सरोवर' म्हणजे नक्की खारट की अल्कली?

मंडळी, एका लेखाचं मराठी करतेय. सायबेरियातल्या कुलुंदा स्टेपमधली (गवताळ मैदानातली) सोडा लेक्स, म्हणजे कार्बोनेट भरपूर असलेली सरोवरं, त्यांच्या चिखलात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव सापडलेत, पाण्यात समुद्राच्या साधारण आठपट सोडियम आणि वर पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, सातच्या वर अल्कली) साडेनऊ-दहा. 'अतिक्षारयुक्त क्षारीय सरोवर' लिहिलं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं वाटतं. काय लिहू? आणि 'मिथेनजनक जीवाणू' चालेल ना?

----

घोळ 'क्षार' शब्दाचाच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार, म्हणजे क्षार = सॉल्ट. हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली आणि सॉल्टला लवण. नेटवरचं बरंच मराठी हिंदीवरून उचललेलं असतं, त्यामुळे 'क्षारीय' वाचून अर्धे लोक खारट समजतात नि अर्धे अल्कली. तुम्ही 'अतिखारट, अल्कधर्मी' (म्हणजे अल्कलीच्या गुणाचं) लिहा.

----

अल्कधर्मी पुस्तकी आहे पण दुसरं काही सुचत नाही. तसा 'खार' पहिल्यापासून दोन्ही घरचा पाहुणा, सज्जीखार म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि खारं पाणी म्हणजे मिठाचं.

----

इथे फरक दाखवलाच पाहिजे. मृत समुद्र भयंकर खारट आहे पण अल्कधर्मी नाही, उलट किंचित आम्लाकडे झुकलेला. सोडा लेकमध्ये कार्बोनेट भरपूर, आणि एवढ्या पीएचला कार्बन डायऑक्साइड विरघळला की बायकार्बोनेट-कार्बोनेट होऊन बसतो, म्हणजे हायड्रोजन अधिक कार्बन डायऑक्साइड हा मिथेनचा नेहमीचा रस्ता अवघड. शिवाय इतक्या मिठात पेशी टिकवायलाच बरीच ऊर्जा जाते. म्हणून तिथले बरेचसे मिथेन करणारे मेथनॉल, मिथिलअमाइन असल्या मिथाइलवाल्या संयुगांवर जगतात, ती सल्फेट वापरणाऱ्या बॅक्टेरियांना फारशी नको असतात त्यामुळे खाण्यावरून भांडणही कमी. २०१७ मध्ये मिथेन करणाऱ्यांचा जो नवा वर्ग मांडला, मेथॅनोनॅट्रोनार्किया, तो तर हायड्रोजन किंवा फॉर्मेट वापरून त्या मिथाइलचाच मिथेन करतो. तुमचा लेख बहुतेक त्याच्यावरचाच.

नावाचं भाषांतर करू नका हां. त्यातला नॅट्रॉन म्हणजे इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरायचे तो सोडा, सोडियमचा Na त्यावरूनच.

----

'जीवाणू' अजिबात नको. जीवाणू म्हणजे बॅक्टेरिया, हे आर्किया, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीवांचाच पण बॅक्टेरियांहून वेगळा गट. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हा गट वेगळा काढला तोच मुळी मिथेन करणाऱ्यांच्या आरएनएवरून, म्हणजे ज्यांच्यामुळे भेद कळला त्यांनाच पुन्हा जीवाणू म्हणायचं! २०२० मध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा बातम्यांत सर्रास 'जीवाणू' होतं, तेही आर्कियाच होते, पण रंग देणारे. ते मिथेन करत नाहीत, ते करणारे खालच्या ऑक्सिजन नसलेल्या गाळात असतात.

----

मग आर्कियाला आदिजीव म्हणू का?

----

नको, आदिजीव म्हणजे आपल्याकडे प्रोटोझोआ, अमीबा वगैरे. आर्कियाच ठेवा.

----

ओके, 'अतिखारट अल्कधर्मी सरोवरांतले मिथेनजनक आर्किया' घेते. शीर्षकात 'सोडा सरोवर' टाकू का, की लोकांना बाटलीतला सोडा आठवेल?

----

आठवू दे की, क्लिक तरी करतील. पहिल्या ओळीत कार्बोनेट सांगून टाका म्हंजे झालं.