‘मगरीचे पूर्वज’ की ‘मगरीची भावकी’?

मखमलाबादकर:
एका बालमासिकासाठी मी मगरवर्गातील नामशेष प्राण्यांवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. त्यात नायजरच्या वाळवंटात सापडलेला, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा, नऊ मीटरांहून लांब असा सार्कोसुकस आहे आणि मादागास्करमधील सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा, आखूड तोंडाचा, बहुधा पाला खाणारा, जेमतेम पाऊण मीटरचा सिमोसुकसही आहे. मी लिहिलेले ‘मगरीचे नातलग’ संपादकांनी बदलून ‘मगरीचे पूर्वज’ केले. ते कानाला बरे वाटते, परंतु खरे नाही; कारण या दोघांचेही वंश खुंटले आणि आजची मगर त्यांच्यापैकी कोणाचीच वंशज नाही. एकाच कुळातल्या, पण पुढे वंश न उरलेल्या प्राण्यांसाठी मराठीत रुळलेला शब्द आहे का?

सिन्नरकर:
‘भावकी’ हा शब्द असताना दुसरा कशाला शोधावा? निपुत्रिक वारलेल्या चुलत आजोबांना आपण पूर्वजांत धरत नाही, पण सातबारा काढला की मूळपुरुष एकच निघतो. सार्कोसुकसचे मगरीशी असलेले नाते नेमके असेच आहे. ‘पूर्वज’ छापू देऊ नका, ताई.

गोदातीर:
भावकी म्हटले की बांधावरची भांडणे आठवतात. शास्त्रीय लेखाला तो शब्द शोभत नाही. ‘सगोत्र’ हा शब्द नेमका आणि सुटसुटीत आहे. लेखात कोठे ‘प्रागैतिहासिक’ असेल तर तोही काढावा, कारण तो माणसाच्या लेखनपूर्व काळासाठी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांना ‘पुराजीव’ म्हणणेच योग्य. आणि ‘सुकस’ तरी का ठेवावे? इजिप्तच्या मगरदेवतेच्या ग्रीक नावावरून ते आले आहे. आपल्याकडे नक्राश्रू ढाळणारा ‘नक्र’ असताना ‘सार्को’ (मांस) आणि ‘सिमो’ (चपट्या नाकाचा) यांवरून मांसनक्र आणि चपटनक्र ही नावे सहज होतात.

कॉलेजरोड:
मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आग्रहाने सांगते, की प्राण्याचे शास्त्रीय नाव जगभर एकच असते आणि ते तसेच देवनागरीत लिहावे. मुलाने ‘मांसनक्र’ शोधला तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. डायनोसॉर हा शब्द मराठीत मुरला, तसा सार्कोसुकसही मुरेल.

निफाडकर काका:
नक्र पुस्तकात राहिला. माणसांच्या तोंडी होती ती सुसर. माझी आजी पाण्यातल्या अशा प्रत्येक प्राण्याला सुसरच म्हणायची. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही म्हण तिच्याकडूनच मी शिकलो. पुढे शाळेत गुरुजींनी बजावले, की सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाचा घडियाल आणि रुंद तोंडाची ती मगर. आजीचे चूक होते, असे मला आजही वाटत नाही. माझ्या मते, जी सुसर्रकन पाण्यात शिरते ती सुसर!

गोदातीर:
काका, क्षमा असावी, पण सुसर हा शब्द संस्कृत ‘शिशुमार’वरून आला आहे. त्याच शब्दावरून आलेली हिंदीतली ‘सूंस’ म्हणजे गंगेतला डॉल्फिन. एका शब्दाने दोन प्रदेशांत दोन निरनिराळे प्राणी धरले आहेत.

सिन्नरकर:
आणि ‘मकरा’ने तर मूर्तिकारांकडून हत्तीची सोंड आणि माशाची शेपटीही मिळवली. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि गंगेचे वाहन मकर, तेव्हा या चर्चेत मकराचाही हक्क आहे.

कॉलेजरोड:
गोदावरीचा विषय निघालाच आहे, तर लेखात घालण्याजोगा प्राणी सुचवते. नाशिकचा काळा कातळ लाव्ह्याचा असल्याने त्यात असे सांगाडे मिळणार नाहीत. पण हीच नदी पुढे तेलंगणात जाते, तेथे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरीच्या खडकांत सुमारे २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीचा पॅरासुकस सापडला आहे. इंग्रज जीवाश्म-अभ्यासक लायडेकर यांनी १८८५ मध्ये त्याचे नामकरण केले आणि जातिनामातील ‘हिस्लोपी’ हे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ आहे. काही सांगाड्यांच्या पोटाच्या जागी मालेरीसॉरस या सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे मिळाली, म्हणजे त्याचे शेवटचे जेवणही आपल्याला कळले आहे! तोंड थेट घडियालासारखे लांब. परंतु घडियालाच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाशी असतात, तर याच्या डोळ्यांच्या जरा पुढे, उंचवट्यावर आहेत. म्हणून कृपया याला कोणी सुसर म्हणू नये. तो फायटोसॉर गटातला आहे आणि फायटोसॉर म्हणजे ‘वनस्पती-सरडा’. जर्मन अभ्यासक येगर यांनी १८२८ मध्ये जबड्यातल्या दातांच्या खोबणींत भरून घट्ट झालेली माती पाहिली, ते शाकाहारी प्राण्याचे दात समजले आणि मांसाहारी प्राण्याला हे नाव चिकटले. चुकीचे भाषांतर दुरुस्त करता येते, पण नियमाने दिलेले शास्त्रीय नाव अर्थ चुकला म्हणून बदलत नाही.

मखमलाबादकर:
हा प्राणी नक्की घेते. मात्र यामुळे माझी अडचण वाढली. फायटोसॉर मगरीच्या शाखेत मोडतात की मगर आणि पक्षी यांच्या शाखा फुटण्याआधीच वेगळे झाले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, असे मी वाचले. मग त्यांना सगोत्र तरी कसे म्हणू?

गोदातीर:
‘पॅरा’ म्हणजे जवळचा. त्याला ‘उपनक्र’ म्हणावे. त्यात वंशाचा दावाच नाही.

कॉलेजरोड:
उपाध्यक्ष, उपसंपादक यांतला ‘उप’ दुय्यमपणा सांगतो. पॅरासुकस मगरीच्या हाताखालचा नव्हता; त्याच्या काळी नदीवर त्याचेच राज्य होते.

सिन्नरकर:
नाशिकरोडजवळच्या उपनगरात राहणाऱ्याला विचारा. तेथे ‘उप’ म्हणजे शेजारचाच. उपनयन म्हणजेही जवळ नेणे.

गोदातीर:
अगदी बरोबर. संस्कृतात ‘जवळ’ हा ‘उप’चा मुख्य अर्थ आहे, दुय्यमपणाचा अर्थ कार्यालयांनी अधिक रुळवला.

कॉलेजरोड:
कार्यालयांनी रुळवला असला तरी माझ्या वर्गातली मुले तोच अर्थ घेतात, आणि लेख त्यांच्यासाठी आहे.

निफाडकर काका:
मग ‘उपसुसर’ का नको?