डोळ्यांदेखत पालटणारे पान: गिमिक असलेला प्रयोग कसा निवडावा?

चौकट_नव्वी (प्रश्न):
गेली दोन वर्षे मी पत्त्यांच्या साध्या कॅटवर डबल लिफ्ट (दोन पाने एकच असल्यासारखी उचलणे), पाम (पान तळहातात लपवणे) आणि खोटे पिसणे एवढ्याचाच सराव करीत आलो आहे. मागच्या महिन्यात झडपेच्या पानाचा, म्हणजे चेहऱ्यावरची झडप उलटली की दुसरेच पान दिसते अशा गिमिकचा (गुप्त रचना केलेल्या पानाचा) एक प्रयोग विकत घेतला आणि आठ-दहा पाहुण्यांपुढे करून दाखवला. बदाम सत्तीची इस्पिक राणी झाली तेव्हा सर्वांच्या तोंडून ‘अरे!’ निघाले, परंतु लगेच शेजारी बसलेल्या एका मुलीने ‘ते पान बघू’ म्हणून हात पुढे केला आणि माझी पंचाईत झाली. मी घाईने पान खिशात घातले. त्यानंतर मी काहीही केले तरी सर्वांची नजर त्या खिशावरच होती. असे दुसरे काही घेण्यापूर्वी नेमके काय पारखावे, हे जाणकारांनी सांगावे.

किलवर_गुलाम:
पान पालटते तो क्षण जाहिरातीतल्या चित्रफितीत सुंदर दिसणारच, त्याच्याच बळावर तो माल विकला जातो. आपण त्यानंतरची पाच सेकंदे पाहावीत. पान पालटताच चित्रफीत तुटत असेल, तर पुढे ते पान कुठे जाते याचे उत्तर विक्रेत्याने आपल्यावर सोपवले आहे असे समजावे.

दुसरी पारख कोनाची. कॅमेरा एकाच जागी स्थिर असतो. माणसे मात्र डावी-उजवीकडे, कधी पाठीमागेही बसतात. आरशासमोरचा सराव पुरेसा नसतो, कारण आरसा आपल्याला समोरच्याच प्रेक्षकाच्या जागी बसवतो. फोन कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवून चित्रण करावे, म्हणजे झडपेची कड कुठून दिसते ते कळते. झडपेच्या पानात नवे काही नाही, व्हिएन्नाचे जादूगार होफत्सिन्सर (१८०६-१८७५) यांच्या काळापासून अशी पाने वापरात आहेत. त्यामुळे केवळ ‘नवीन शोध’ म्हणून कोणी जास्त किंमत सांगत असेल तर थोडे थांबावे.

तुमच्या राणीपुरते सांगतो. तुम्हाला पाम येतो, तेव्हा टॉप चेंजही (हातातले पान कॅटच्या सर्वांत वरच्या पानाशी गुपचूप बदलणे) जमेल. खरी इस्पिक राणी आधीपासून कॅटच्या सर्वांत वर, पालथी ठेवावी. पान पालटून झाले की ते पालथे करावे, मुलीकडे पाहून ‘तळहात पुढे कर’ म्हणावे आणि ती हात पुढे करीत असताना दोन पानांची अदलाबदल करावी. त्या वेळी सर्वजण तिच्या हाताकडे पाहत असतात. पान तिने मागण्याआधीच तिच्या हाती पडले, तर ते तपासण्याची इच्छाच बहुधा उरत नाही.

जुना_जोकर:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक भर घालतो. टॉप चेंज झडपेच्या पानाला चालतो, कारण त्याची पाठ साधी असते. दोन्ही बाजूंना चेहरा असलेल्या पानाला पाठच नसल्यामुळे तिथे हा उपाय लागू पडत नाही. चार-पाच पानांच्या छोट्या प्रयोगांत अशी पाने बरीच असतात, आणि ती पाकिटात परत घालण्यासाठी काहीतरी सयुक्तिक कारण लागते.

शिवाय नुसते दिसणे म्हणजे सर्व काही नव्हे, असे माझे मत आहे. पान क्षणार्धात पालटले की प्रेक्षकाचा संशय माणसावर न जाता थेट पानावर जातो. याउलट इन्व्हिजिबल डेक या खास तयार केलेल्या कॅटमध्ये डोळ्यांना दिसते ते इतकेच, की प्रेक्षकाने मनात येईल त्या पानाचे नाव घेतले आणि तेवढे एकच पान उलटे निघाले. जादूगार जो बर्ग यांनी १९३६ मध्ये पुढे आणलेली ही कल्पना आजही चालते. त्यात हाताची कसरत जवळपास नाही. त्यात पानांच्या जोड्या तेराच्या बेरजेने लावलेल्या असतात, ती बेरीज मात्र न अडखळता करता आली पाहिजे.

बदाम_पंजी:
पाठीचा रंग जुळवण्यापूर्वी कडा पाहाव्यात. रोजच्या वापराने कॅटच्या कडा मळकट होतात आणि कोरे गिमिक त्यात घातले की बाजूने एक पांढरी रेघ उठून दिसते. माझे पान एकदा याच रेघेने उघडे पाडले. गिमिक आणि कॅट एकाच छपाईचे, एकाच वेळी वापरात आणलेले असावेत. झडपेचे पान रबरी दोऱ्याचे असेल तर दोऱ्यावर ताण राहणार नाही अशा स्थितीत ते सपाट ठेवावे.

चौकट_नव्वी:
सर्वांचे आभार. नवीन खरेदी तूर्त रद्द केली आहे. काल फोन खुर्चीवर ठेवून चित्रण केले, तेव्हा झडप उजवीकडून सरळ दिसते असे आढळले. ती मुलगी उजवीकडेच बसली होती. टॉप चेंज करताना माझा अंगठा फार वर उचलला जातो, तेवढे सुधारण्याचा काही उपाय आहे का?

किलवर_गुलाम:
कॅट धरलेला हात स्थिर ठेवून पान धरलेला हात हलवू नये. दोन्ही हात शरीराबरोबर एका बाजूला वळू द्यावेत. मोठ्या हालचालीत अंगठ्याची छोटी हालचाल झाकली जाते.