एक लॅपटॉप, दोन बिऱ्हाडं: ड्युअल बूटचे तुमचे अनुभव लिहा

माझा लॅपटॉप 2017 चा. सातव्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम. धडधाकट आहे, पण विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हा घरात दोन मतं पडली. नवरा म्हणाला नवा घे, मुलगा म्हणाला लिनक्स टाक, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. शाळेच्या निकालाच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आहेत, ते लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये धड चालेनात, म्हणून विंडोज काढणं शक्य नव्हतं. शेवटी दोघांनाही एकाच मशिनवर नांदवायचं ठरलं, म्हणजे ड्युअल बूट, चालू करताना हवं ते निवडायचं: नेटवरचं सगळं उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार), निकाल विंडोजमध्ये आणि तेव्हा वायफाय बंद.

बसवणं तासाभरात झालं. गोंधळ दुसऱ्या दिवशी. सकाळी दहा वाजता विंडोज उघडलं तर घड्याळात साडेचार. नीट केलं. उबुंटूत जाऊन आले, पुन्हा तेच. मदरबोर्डवरचा सेल गेला असणार म्हणून दुकानात जाऊन दीडशे रुपये देऊन तो बदलून आणला. तरी तेच! मग मुलाने फरक मोजला, बरोब्बर साडेपाच तास, आणि त्याची ट्यूब पेटली. लिनक्स मशिनच्या घड्याळात युटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहून ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. लिनक्सला एका ओळीच्या कमांडने सांगितलं की बाबा रे, स्थानिक वेळ लिही. मिटलं.

तुमचं काय झालं? जमलं असेल तर लिहाच, फसलं असेल तर आधी लिहा.

*

माझं फसलेलं. 2012, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, विंडोज 7 चा लॅपटॉप. सगळे सांगायचे की इन्स्टॉलर ‘विंडोजच्या शेजारी बसवू का’ असं विचारतो. मला तो पर्याय दिसलाच नाही. कारण नंतर कळलं: डिस्कची वाटणी नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत तिचे प्रायमरी (मुख्य) भाग चारच होऊ शकतात, आणि लॅपटॉपसोबत आलेल्या रिकव्हरी वगैरे भागांनी ते चारही आधीच अडवलेले. पाचव्याला जागाच नाही. उरले दोन पर्याय, ‘डिस्क पुसून बसवा’ आणि ‘इतर काही’. ‘इतर काही’ उघडलं, तक्ता बघून घाबरलो, मागे आलो आणि पुसून टाकलं. मला वाटलं, सी ड्राइव्ह पुसेल. डी ड्राइव्ह पण त्याच डिस्कवर असतो हे डोक्यातच आलं नाही.

डी मध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते. फोटोग्राफरकडची प्रत त्याने केव्हाच उडवलेली.

मित्राने फोटोरेक नावाचं सॉफ्टवेअर दिलं. रात्रभर चाललं. फोटो बरेच परत आले, पण ते सॉफ्टवेअर फाइलींची नावं परत आणत नाही. हजारो चित्रं, नावाच्या जागी नुसते आकडे, आणि ब्राउझरने साठवलेला कचराही त्यातच. सप्तपदी, मग कुठल्या तरी वेबसाइटचं बटण, मग पंगत, मग क्रिकेटचा स्कोअरकार्ड, मग मुंडावळ्या. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी ते निवडले, तांदूळ निवडतात तसे. ताईला अजून माहीत नाही. तिला वाटतं, मी हौसेने अल्बम लावला.

*

बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप! मशिनच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं आणि विंडोजने निळ्या पडद्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली. डिस्क एनक्रिप्ट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते म्हणे. माझ्या खात्यात नव्हती, कारण लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने पहिल्यांदा चालू करताना स्वतःचाच ईमेल टाकलेला. नशीब, तो अजून तिथेच कामाला होता. सहा-सहा अंकांचे आठ गट त्याने व्हॉट्सॲपवर पाठवले.

*

वरच्या ताई, सिक्युअर बूट परत चालू केलं असतंत तरी बहुधा विंडोज गुपचूप उघडलं असतं. पण की आधी कागदावर लिहून ठेवावी हे खरंच.

*

आमच्या वेळी उबुंटूची सीडी पोस्टाने फुकट यायची. शिपइट नावाची योजना होती, 2011 मध्ये बंद झाली. पोस्टमनने पाकीट देताना विचारलं होतं, "परदेशी नोकरी लागली का?" सीडी बसवली, छान चाललं. पुढे विंडोज एक्सपी नव्याने टाकलं तर त्याने बूट सेक्टरवर (मशिन चालू होताना डिस्कवरची जी जागा आधी वाचतं तिच्यावर) स्वतःची पाटी लावली आणि लिनक्स गायब. मी समजलो, पुसलं गेलं. सगळं जागेवर होतं, फक्त दार बुजवलं होतं. हे कळायला मला दोन महिने आणि एक फॉरमॅट लागला.

*

डीटीपीचं काम करतो. श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली आहेत, म्हणून विंडोज. बाकी सगळं मिंट या लिनक्समध्ये. एका रात्री पत्रिकेत मुहूर्त बदलायचा होता, पीडीएफ मिंटमध्येच उघडली, तर सेव्ह होईना. ड्राइव्ह नुसता वाचायला उघडा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) चालू असलं की शटडाउन केलेलं विंडोज पुरतं बंद झालेलं नसतं, अर्धवट झोपलेलं असतं. त्याच्या डिस्कवर मग लिनक्स लिहीत नाही, आणि तेच बरं. तो पर्याय बंद केला. पुढे दुसरी एसएसडी डिस्कच घेतली. दोन बिऱ्हाडांना दोन घरं, भांडण नाही.

*

16 जीबी रॅम असेल तर कशाला हा उपद्व्याप? व्हर्च्युअल मशिनमध्ये (विंडोजच्या आत चालणारा लटका संगणक) लिनक्स चालवा, आवडलं नाही तर एक फाइल उडवायची. गेम किंवा ग्राफिक्स कार्डाचं काम असेल तरच डिस्क कापा.

*

मोबाइलवरून लिहितोय. लिनक्स नको झालं म्हणून आज दुपारी विंडोजमधून त्याचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) डिलीट केलं. आता चालू केलं की काळा पडदा, ग्रब (कुठली सिस्टिम सुरू करू विचारणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) एवढं लिहिलेलं आणि लुकलुकणारा कर्सर. विंडोज गेलं का हो?

*

(धागाकर्ती) नाही गेलं, घाबरू नका. चालू करताना एफ 12 दाबत राहा, काही मशिनवर एफ 9 किंवा एस्केप असतं. यादी येईल, त्यात विंडोज बूट मॅनेजर निवडा.

*

एफ 9 होतं. आलं! पासवर्ड मागतोय.