प्रतिसाद: तपासणीची तारीख

बी.एड. महाविद्यालयांची तपासणी देखावा ठरते, कारण तिची तारीख संगनमताने संस्थेला आधीच कळते, असे एक मत आहे. ती देखावा ठरते हे मला मान्य आहे, परंतु तारीख संगनमतानेच आधी फुटते हे म्हणणे अपुरे वाटते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद अधिनियम, १९९३ च्या कलम १३ नुसार तपासणीची तारीख संस्थेला कळवणे परिषदेवर, म्हणजे या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेवर, बंधनकारकच आहे.

मी शिकवत असलेल्या महाविद्यालयात तपासणी समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात ग्रंथालयात नवी पुस्तके आली, त्यांची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती आणि दाखल नोंदवहीतल्या साऱ्या नोंदी एकाच शाईच्या होत्या. समितीने पुस्तके मोजली; विद्यार्थी-शिक्षकांनी वर्गावर घेतलेल्या सराव पाठांच्या टाचणवह्या (पाठांच्या आराखड्यांच्या वह्या) मात्र कोणी उघडल्याही नाहीत. वर्षभर साचत गेलेले मार्गदर्शकांचे शेरे त्यांतच असतात, आणि पाठ खरोखर कोणी वर्गात बसून पाहिला की नाही, हे त्यांवरूनच कळते.