हाताला वळण लावणारे सर: तुमचेही अनुभव लिहा

उद्यमबागकर
काल खंडेनवमीची पूजा झाली कारखान्यात. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, झेंडूची माळ, पॅनेलला हळदकुंकू. एका पोराने टूलरूममधली जुनी कानस पुसूनबिसून पाटावर ठेवली होती. ती बघितली आणि आयटीआयमधले आमचे फिटरचे सर डोळ्यापुढे उभे राहिले.

सुरुवातीला सरांनी आम्हाला कुठल्याच मशीनजवळ फिरकू दिलं नाही. व्हाइसच्या पकडीत एम.एस.चा (साध्या पोलादाचा) तुकडा, हातात फ्लॅट बास्टर्ड, म्हणजे चपटी भरड कानस, आणि घासा. "पुढं जाताना दाब, मागं येताना सोड. दात पुढच्या अंगालाच कापतात, मागं दाबून दात मारतोस फक्त." मग जॉब, म्हणजे तो घासलेला तुकडा, खिडकीकडे धरायचा आणि ट्रायस्क्वेअरची (गुण्याची) पाती टेकवायची. पातीखालून उजेडाची रेघ दिसली की सर एक शब्द बोलत नसत, जॉब परत आमच्या हातात. मेल-फीमेलचा, म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन तुकड्यांचा, जॉब तर उलटासुलटा फिरवून बसवायचे. एका अंगाने बसला म्हणजे झालं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

आज बेळगावच्या कारखान्यांत, उद्यमबाग, मच्छे, होनगा कुठेही जा, सरांच्या हाताखालून गेलेला कुणीतरी भेटतोच. पण अशा माणसाची बातमी होत नाही. म्हणून हा धागा. कुठलाही ट्रेड असू दे, शिवण, सुतारकाम, वायरिंग, काहीही. लिहा.

मच्छेचा टर्नर
खिडकीकडे धरलेला जॉब!! अंगावर काटा आला. सेकंड शिफ्टला निघालोय, रात्री लिहितो.

तिसरं गेट
पुस्तकं इंग्रजी नाहीतर कन्नड. मी मराठी शाळेतून गेलेला, क्लिअरन्स फिट आणि इंटरफिअरन्स फिट दोन्ही डोक्यावरून. सर आधी मराठीत सांगायचे, मग चिकोडी-रायबागकडच्या पोरांना तेच कन्नडमध्ये. नुसतं सांगून थांबायचे नाहीत, शाफ्ट आणि बुश हातात द्यायचे. एक सहज फिरायचा, दुसरा प्रेसशिवाय जायचाच नाही. आज माझ्या हाताखाली दोन्हीकडची पोरं आहेत आणि मी तसंच शिकवतो.

पॅटर्नवाला
आमच्या फाउंड्रीतला (ओतकामाच्या कारखान्यातला) सगळा जुना पॅटर्नशॉप एका सरांनी घडवलेला. पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आटतं, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच वेगळी, तेवढ्या हिशोबाने ताणलेली. नवा पोरगा साधी पट्टी घेऊन बसला की सर ती काढून घ्यायचे आणि म्हणायचे, तू लाकूड मापतोयस, मला कास्टिंग पाहिजे.
आणि ड्राफ्ट. बाजूंना थोडा उतार नसेल तर पॅटर्न वर काढताना वाळूची कड ढासळते, साचा गेला. सर सागवानावरून अंगठा खालून वर फिरवायचे आणि कुठे उतार कमी पडलाय ते खडूने दाखवायचे. मग आम्ही मोजून बघायचो. खडू बरोबर असायचा. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर होतं, चांगलंच आहे, पण तो अंगठा ज्यांनी बघितला त्यांचं डिझाइन आजही मोल्डर लोक नावाजतात.

निपाणीची वहिनी
माझ्या सासऱ्यांची आठवण झाली. आयटीआय वगैरे काही नाही, चपला करायचे, पण गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याकडे शिकली. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, तेव्हा ते नव्हते. असते तर पेढे वाटले असते.

तिसरं गेट
वहिनी, पेढे कशाला, बेळगावात कुंदा वाटतात 😀

निपाणीची वहिनी
आम्ही निपाणीवाले, आमचे पेढेच!

खानापूरची लेक
भाजी चिरता चिरता वाचतेय. माझे बाबा मातीकाम शिकवायचे. खानापूरची माती भांड्यांना आणि कौलांना चांगली, त्यामुळे बाहेरगावचे लोकही शिकायला यायचे. बाबा पहिले काही दिवस कुणालाच चाकावर बसू देत नसत, फक्त माती मळायला लावायचे. कुणी म्हणालं की झाली मळून, तर तार घेऊन गोळा मधोमध कापायचे. कापलेल्या बाजूला बारीक भोकं दिसली म्हणजे हवा राहिली. "भट्टीत फुटलं तर शेजारच्याचंही भांडं घेऊन जाईल," एवढंच म्हणायचे. स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं नुकसान आधी सांगायचे, हे मला आत्ता लिहिताना जाणवलं.
बाबा मागच्या पावसाळ्यात गेले.

मच्छेचा टर्नर
ताई, बाबांना नमस्कार. फार मोठं काम केलंय त्यांनी.

उद्यमबागकर
ताई, हे इथे लिहिलंत, बरं वाटलं. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनीही लिहावं.

शहापूरकर
विषय निघालाय म्हणून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करसुद्धा आधी शिक्षकच, मुंबईला व्हीजेटीआयमध्ये. 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि 1910 ला औंध संस्थानात किर्लोस्करवाडी. म्हणजे शिकवणारा हात आणि काम करणारा हात वेगळा नसतो, हे आपल्या गावाला जुनंच आहे. बाकी आज तिसऱ्या गेटला ट्रॅफिक किती आहे कुणी सांगेल का?

तिसरं गेट
दुसऱ्या गेटने या.

मच्छेचा टर्नर
शिफ्ट सुटली. आमच्या सरांची एक गोष्ट. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, वापरून झाल्यावर कधीही बेंचवर कानशीशेजारी ठेवू द्यायचे नाहीत. 0.02 मिलिमीटर दाखवणारं यंत्र तू कानशीवर आपटणार आणि मग मला माप सांगणार? स्वतःच्या धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. मी माझ्या शॉपमध्ये प्रत्येक मशीनला लाकडी पेटी केलीय, मापाची हत्यारं तिथेच. नवी पोरं कुरकुरतात, पण ठेवतात.

उद्यमबागकर
सगळ्यांना कळवायचं म्हणजे, आमच्या बॅचची मुलं सरांचा सत्कार करायचं म्हणतायत. शाल-श्रीफळ आहेच. पण सरांना विचारलं तर म्हणाले, मला काही नको, वर्कशॉपमध्ये पोरांच्या कानशी झिजल्यात.

पॅटर्नवाला
मग तेच द्यायचं. एक डझन माझ्याकडून.

तिसरं गेट
माझ्याकडून कानस साफ करायचे ब्रश आणि खडू. दातांत कीस अडकला की पृष्ठभागावर ओरखडे पडतात, सर तिथेच थांबवायचे.

खानापूरची लेक
मी पण पैसे पाठवते, बाबांच्या नावाने.

उद्यमबागकर
ताई, नक्की. पॅटर्नवाले, कानशी 10 इंची की 12 इंची?

पॅटर्नवाला
बास्टर्ड 12, स्मूथ (बारीक दाताची) 10. सोमवारी दुकान उघडलं की रेट विचारून सांगतो.