डिझेलच्या टाकीत बुरशी: फिल्टर पुन्हा पुन्हा चोक होतोय, औषध ओतू की टाकी उघडू?

दुसरा_गिअर

कॉमन रेल डिझेल कार (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), ५० लिटरची प्लास्टिक टाकी, टाकीतच लो-प्रेशर पंप. गाडी बरेच महिने जवळपास उभीच होती, टाकीत पाव भाग डिझेल, तेही बायोडिझेल मिसळलेलं.

आताची लक्षणं: चढाला किंवा जोरात ॲक्सिलरेटर दिला की पिकअप पडतो, रेल प्रेशर कमी असल्याचा कोड येतो. फिल्टर बदलला की गाडी एकदम ठणठणीत, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. काढलेल्या फिल्टरच्या कागदी घड्यांवर काळपट तपकिरी, बुळबुळीत थर. हाउसिंगच्या तळाशी पाणी आणि कुजकट वास.

हे जिवाणू-बुरशीचंच काम आहे हे कसं ठरवायचं? नुसतं बायोसाइड (जिवाणू-बुरशी मारणारं औषध) ओतून भागेल का, आणि डोस किती? टाकी न उतरवता सफाई होते का?

मोलॅरिटी

वर्णनावरून जैविक वाटतंय खरं, पण बाटली विकत घेण्याआधी खात्री करा. फिल्टर चोक करणारा काळा-तपकिरी ऐवज निदान चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

टाकीच्या अगदी तळातून अर्धा लिटर नमुना काढा. ते जमत नसेल तर फिल्टरच्या ड्रेनमधून येणारी पहिली धार घ्या. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत तासभर न हलवता ठेवा. निव्वळ पाणी असेल तर डिझेल आणि पाणी यांमधली रेघ स्वच्छ दिसते. जीव वाढले असतील तर त्या रेघेवर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो, बरणी हलकेच फिरवली की त्याच्या चिंध्या होतात आणि काचेला चिकटतात.

आता तो चिकटा थोडा थोडा वेगळा घेऊन तपासा. ४०-५० अंशांच्या गरम पाण्यात नमुना ठेवल्यावर नाहीसा झाला तर ते मेण, म्हणजे थंडीचा प्रश्न. टोल्युइन किंवा झायलीनमध्ये विरघळून द्राव काळा झाला तर डांबरासारखे जड घटक. ॲसिटोनमध्ये विरघळला आणि व्हार्निशसारखा वास येत असेल तर जुन्या डिझेलचं ऑक्सिडेशन होऊन झालेला डिंक. या तिन्हींना दाद न देता हातमोज्याच्या बोटांत तार धरत असेल तर जैविक. सॉल्व्हंट चार-पाच मिलीच घ्या आणि हे उघड्या हवेत, आगीपासून लांब करा.

पक्का पुरावा हवा असेल तर डिप-स्लाइड, म्हणजे जिवाणू वाढवायचा थर लावलेल्या पट्ट्या, मिळतात: तळातल्या पाण्यात बुडवून २५-३० अंशांना तीन ते पाच दिवस ठेवायच्या, वाढ डोळ्यांना दिसते. नमुन्याची बाटली मात्र निर्जंतुक हवी, नाहीतर तुमच्या हातावरचेच जिवाणू मोजाल. एटीपी (जिवंत पेशींत असणारं रसायन) मोजणारे झटपट किटही असतात, पण एका कारसाठी तो खर्च मला जास्त वाटतो.

मुख्य मुद्दा पाण्याचा. टाकीत उजेड नसतो, तेव्हा शेवाळ तिथे वाढत नाही. असतात ते जिवाणू, यीस्ट आणि बुरशी. अमॉर्फोथेका रेझिनी ही त्यातली प्रसिद्ध बुरशी, जुन्या पुस्तकांत क्लॅडोस्पोरियम रेझिनी म्हणून सापडते, विमानांच्या टाक्यांतही हिने पूर्वीपासून छळलंय. हे सगळे राहतात पाण्यात आणि खातात डिझेल, म्हणून वस्ती नेमकी दोघांच्या सीमेवर. काही मिलिलिटर पाणीसुद्धा त्यांना पुरतं. २५ ते ३५ अंश त्यांना मानवतात, आणि कॉमन रेलच्या रिटर्न लाइनमधून गरम डिझेल टाकीत परत येत असल्यामुळे चालत्या गाडीत तेही आयतं मिळतं. त्यांनी सोडलेल्या आम्लांनी धातूचे भाग गंजतात. थराखाली प्राणवायू संपला की सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तुमचा कुजकट वास बहुधा त्याचाच.

डोस: बायोसाइड इंधन आणि पाणी दोन्हींत उतरणारं हवं आणि कॉमन रेलला चालतं असं लेबलवर लिहिलेलं हवं. प्रमाण उत्पादनागणिक बदलतं. लेबल १:१००० म्हणत असेल तर ५० लिटरला ५० मिली, ते सिरिंजने मोजा. झाकणाने अंदाज करू नका. कमी डोस सगळ्यात वाईट, कारण अर्धे मरतात आणि तग धरलेले उरतात. जास्तीनेही फायदा नाही. उपचाराचा डोस आणि प्रतिबंधाचा डोस वेगळे असतात, दुसरा बराच कमी. नायट्राइल हातमोजे आणि चष्मा घालाच. आयसोथायाझोलिनोन गटातल्या औषधांनी त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते.

तळाशी पाणी असताना ओतलं तर औषधाचा मोठा भाग त्या पाण्यात उतरतो, आणि जाड थराच्या आत तो पोचतही नाही. म्हणून पाणी आणि गाळ आधी बाहेर, औषध नंतर.

कालचा_पाना

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता हातातलं काम.

बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, त्याखाली पंप-फ्लोटचं मॉड्यूल. तिथून पोचता आलं तर टाकी उतरवायची गरज नाही. झाकणच नसेल तर उतरवावीच लागेल. त्याआधी ती शक्य तितकी रिकामी करा, ५० लिटर डिझेलचं वजन ४२ किलोच्या आसपास भरतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. झाकणाभोवतीची धूळ-माती आधी व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर तीच आत पडते. पाइपचे क्लिप प्लास्टिकचे आणि ठिसूळ झालेले असतात, ओढाताण करू नका. सप्लाय आणि रिटर्नवर खूण करा. लॉक रिंगला तिचं टूल वापरा, नसेल तर पितळी किंवा लाकडी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा). स्टीलच्या छिन्नीने ठिणगी उडते आणि रिंगचे दातही जातात. मॉड्यूल तिरकं करून काढा, फ्लोटची दांडी वाकली तर गेज कायम खोटं दाखवेल. जुनी ओ-रिंग डिझेलने फुगलेली असते, ती परत खाचेत बसत नाही. नवी आधीच आणून ठेवा.

डिझेल दोन टप्प्यांत काढा. वरचं आधी, नळीचं तोंड तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवून. मग नळी तळाला टेकवून कोपऱ्याकोपऱ्यातून पाणी आणि गाळ ओढा, तो वेगळ्या डब्यात. तोंडाने सायफन नको, हातपंप वापरा. गाडीचा स्वतःचा पंप यासाठी निरुपयोगी: तळाचं शेवटचं डबकं त्याच्या जाळीला लागतच नाही, आणि त्याच डबक्यात सगळी वस्ती असते.

आतल्या भिंती स्वच्छ डिझेल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. बोट घासल्यावर बुळबुळीत लागतं तोवर थर शिल्लक आहे. टाकी उतरवलेली असेल तर दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल घालून हलवा, ओता, पुन्हा घाला. धुवण निर्मळ येईपर्यंत. पेट्रोलने धुऊ नका, वाफ पेटते. ब्लीच तर नाहीच: क्लोरीन उरलं की ॲल्युमिनियम आणि स्टील खातं. साबण-पाण्यानेही धुऊ नका, पंपाच्या कोनाड्यात आणि व्हेंटच्या नळ्यांत राहिलेलं पाणी म्हणजे नव्या पिकाची पेरणी.

मॉड्यूलच्या खालच्या भांड्यात स्वतःचा गाळ साठलेला असतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. जाळी काढता येत असेल तर बदला. सप्लाय आणि रिटर्न लाइन दोन्ही टोकांना सोडवून इंजिनकडून टाकीकडे एक-दोन बारची कोरडी हवा द्या, दुसरं टोक डब्यात ठेवून. पंप किंवा फिल्टर जोडलेला असताना हवा मारू नका.

मग नवा फिल्टर, टाकीत थोडं ताजं डिझेल, मोजलेलं बायोसाइड, आणि लगेच वरून टाकी भरा म्हणजे ते नीट मिसळतं. इंजिन १०-१५ मिनिटं चालवा, औषध लाइन, फिल्टर आणि रिटर्नपर्यंत पोचायला हवं. नंतर लेबल सांगेल तितका वेळ, साधारण २४ ते ४८ तास, गाडी उभी ठेवा.

एअर काढताना घाई नको. हाय प्रेशर पंपाला वंगण फक्त डिझेलचंच असतं, तो कोरडा फिरला की आतून खरवडतो. तीन-चार वेळा नुसतं इग्निशन ऑन करा आणि टाकीतल्या पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा. हाउसिंग हाताने भरायचं असेल तर फिल्टरच्या कचऱ्याच्या बाजूने, मधल्या स्वच्छ बाजूने कधीच नाही. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारू नका. हाय प्रेशर लाइनचे नट सैल करून एअर काढायची जुनी सवय इथे चालत नाही. तिथे हजार-दीड हजार बारच्या वरचा दाब असतो, ती धार कातडीतून आत घुसते.

साइड_स्टँड

एवढा उद्योग कशाला? पाणी विरघळवणारं अल्कोहोलवालं ॲडिटिव्ह मिळतं, एक बाटली ओतायची, पाणी जळून जातं.

कालचा_पाना

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात चार थेंब पाणी तसं खपून जायचं. कॉमन रेलमध्ये नाही. फिल्टरमध्ये पाणी वेगळं होऊन तळाशी बसणं ही तिथली रचनाच आहे. तुम्ही ते डिझेलमध्ये घोळवलंत की ते फिल्टर पार करून हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातं. तिथल्या फटी काही मायक्रॉनच्या, पाण्याला वंगणाचा गुण नाही, आणि गरम टोकाला त्याची वाफ होते. घालायचंच तर पाणी वेगळं पाडणारं ॲडिटिव्ह घाला आणि ड्रेन करा. शिवाय भिंतीवरचा चिकटा अल्कोहोलने जळत नाही, तो होता तिथेच राहतो.

दुसरा_गिअर

बरणीची तपासणी केली. मधोमध पापुद्रा आहे, टोल्युइन आणि ॲसिटोनमध्ये काही फरक नाही, गरम केल्यावरही तसाच. म्हणजे जैविकच.

दोन शंका. टाकी मधून उंच आहे, खालून प्रॉपेलर शाफ्ट जातो. झाकण एकाच बाजूला दिसतंय. आणि मेलेल्या थराचं काय होतं, तो कुठे जातो?

कालचा_पाना

ती खोगीर टाकी, दोन कप्प्यांची. पंप एका कप्प्यात असतो, दुसऱ्यातलं डिझेल जेट पंपाने (डिझेलच्याच धारेच्या जोरावर ओढणाऱ्या पंपाने) इकडे ओढलं जातं. एकच कप्पा साफ केलात तर दुसऱ्यातली वस्ती इकडे परत येणार. दुसऱ्या बाजूला सीटच्या फोमखाली किंवा गालिच्याखाली बहुधा छोटं झाकण असतं, शोधा. नसेल तर मधल्या उंचवट्यावरून लवचिक नळी पलीकडच्या तळापर्यंत उतरवा. तेही जमलं नाही तर टाकी उतरवा. जेट पंपाचं भोक बारीक असतं, चिकट्याने बुजलं तर गेजमध्ये डिझेल दिसतं आणि गाडी बंद पडते. तेव्हा तेही तपासा.

मेलेला थर फिल्टरमध्येच जातो. औषध बसलं की भिंतीवरचे तुकडे सुटायला लागतात, त्यामुळे उपचारानंतरचे पहिले काहीशे किलोमीटर सगळ्यात अडचणीचे. एक फिल्टर, तो खोलायचा पाना आणि एक डबा गाडीत ठेवा. रेल प्रेशरचा मागणी आणि प्रत्यक्ष आकडा स्कॅनरवर बघता येत असेल तर चढावर बघा: प्रत्यक्ष मागे पडायला लागला की फिल्टर भरतोय.

काढलेला प्रत्येक फिल्टर कापून घड्या उलगडून पाहा. बुळबुळीत थर कमी होत गेला पाहिजे. पण चंदेरी चमक दिसली तर तो वेगळाच आजार आहे: हाय प्रेशर पंप झिजून कीस सोडतोय. मग गाडी चालवू नका, तो कीस इंजेक्टरपर्यंत गेला की रेल, इंजेक्टर, लाइन असा सगळा संच बदलावा लागतो.

मोलॅरिटी

पुन्हा होऊ नये म्हणून 'टाकी भरून ठेवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. चूक नाही, पण रिकाम्या जागेतल्या हवेतून टाकीत धरणाऱ्या दवाला फार मोठा दोष दिला जातो. ३० अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला ३० ग्रॅम वाफ असते, म्हणजे ५० लिटर हवेत फक्त दीड ग्रॅम. रोजच्या गरम-गार होण्यात टाकी त्यातली तीनेक टक्केच हवा आत-बाहेर करते. याउलट युरोपच्या ईएन ५९० मानकात डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. ५० लिटरला ते ८ ग्रॅमच्या वर जातं. त्यातलं जे विरघळलेलं असतं, ते डिझेल गार झालं की तळाशी उतरू शकतं. बायोडिझेल असेल तर पाणी धरण्याची ताकद आणखी जास्त.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी फिलर कॅपचं रबर, गळ्याची नळी आणि तिथला पाण्याचा निचरा तपासा. गाडी धुताना किंवा पावसात तिथून पाणी शिरलं तर वाफेचं गणितच गैरलागू. मग फिल्टरचं पाणी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला काढत जा, डॅशबोर्डवर पाण्याचा इशारा देणाऱ्या दिव्याची वाट न बघता. गाडी दोन-तीन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तेव्हाच टाकी भरून प्रतिबंधक डोस घाला. दर टाकीला औषध घालू नका.

काढलेला गाळ आणि औषध मिसळलेलं पाणी गटारात जाता कामा नये, ते घातक कचऱ्यात द्या. वरचं स्वच्छ दिसणारं डिझेलही परत त्याच टाकीत ओतू नका. जस्ताच्या मुलाम्याच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ते साठवू नका, त्या धातूंनी डिझेल लवकर खराब होतं. एचडीपीई प्लास्टिकचा कॅन चालेल.

काम झाल्यावर आठवडाभराने तळाचा नमुना पुन्हा बरणीत घ्या. रेघ स्वच्छ आणि पाणी जवळपास शून्य असेल तर थांबा. पाणी पुन्हा दिसलं तर बायोसाइडची दुसरी बाटली आणू नका, ते शिरतंय कुठून ते शोधा.