ठरलेल्या ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त साठवावं का?

मृण्मयी_क
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. हिमोग्लोबिन ११.२. 'दोन बाटल्यांची सोय करून ठेवा' म्हणालेत, म्हणजे आता बदली रक्तदाते शोधत फिरायचं. तारीख आधीपासून ठरलेली असते, मग रुग्णाचंच रक्त काढून का ठेवत नाहीत? पिशवी ३५ दिवस टिकते. एचआयव्ही, काविळीची धास्ती नाही. हे प्रत्येक रुग्णाला विचारलंच पाहिजे.

पेढीवरचा
ताई, काळजी समजते, पण मला हे पटत नाही. मी रक्तपेढीत काम करतो. एक पिशवी काढली की हिमोग्लोबिन साधारण एकने उतरतं, आणि या वयात ते महिनाभरात भरून येईलच असं नाही. आई टेबलावर जातील तेव्हाच रक्त कमी असेल. मग एरवी कदाचित लागलंच नसतं ते रक्त चढवावं लागेल. स्वतःची पिशवी असली तरी साठवणीत जंतू शिरू शकतात, लेबलची गफलत होऊ शकते. गट तपासणं काही सुटत नाही. १९८०च्या दशकात एड्सच्या भीतीने अमेरिकेत याची लाट आली होती. पुढे निम्म्याच्या आसपास पिशव्या फेकून द्याव्या लागल्या, कारण न वापरलेलं रक्त सहसा दुसऱ्याला देत नाहीत.

मृण्मयी_क
वाया गेलं तर गेलं, आमचंच होतं ना? रात्री अकराला व्हॉट्सॲपवर 'अर्जंट बी निगेटिव्ह' टाकत बसणाऱ्या नातेवाइकांचे हाल कोण मोजतं?

सह्याद्री७
सरसकट 'नाही' म्हणू नका हो. माझ्या मामाचा बॉम्बे रक्तगट आहे. १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला. साध्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण ओ गटाचं रक्तही चालत नाही. हर्नियाच्या वेळी त्यांचंच रक्त आधी काढून ठेवलं होतं. अशांना दुसरा आधार कुठला?

पेढीवरचा
बरोबर, दुर्मिळ गटासाठी माझाही पाठिंबा आहे. पण मृण्मयीताई, तुमच्या आईंचं आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. लोह कमी निघालं तर सलाइनमधून देता येतं. ऑपरेशनच्या वेळी ट्रानेक्झामिक ॲसिड देणार का, हेही विचारा. गुडघ्याच्या ऑपरेशनमधला रक्तस्राव त्याने बराच कमी होतो. आहे ते रक्त अंगातच राहू द्या.

मृण्मयी_क
फेरिटिन उद्याच करून घेते. पण मग हे आम्हाला डॉक्टरांनी का सांगितलं नाही? 'बाटल्या आणा' एवढंच सांगून मोकळे होतात, माझा राग त्यावर आहे.